न्यू जर्सी सिनेट प्रायमरी २०२४: किम, मर्फी की आणखी कोणी? ठरवायचं कशावरून?

रारिटनकाठ · १२ फेब्रुवारी २०२४
लाचखोरीच्या प्रकरणात घरात सोन्याच्या विटा निघाल्यापासून आपले सिनेटर बॉब मेनेंडेझ यांचं काही खरं नाही, हे उघड आहे. प्रश्न आहे तो पुढे कोण. २२ सप्टेंबरला आरोपपत्र आलं, दुसऱ्याच दिवशी काँग्रेस सदस्य अँडी किम डेमोक्रॅटिक प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) उतरले. नोव्हेंबरात गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी आल्या. पॅट्रिशिया कॅम्पोस-मेडिना आणि लॉरेन्स हॅमही आहेत. परवा मॉन्मथ काउंटीच्या पक्ष-अधिवेशनात किम २६५, मर्फी १८१. आणि मॉन्मथ म्हणजे मर्फींची घरची काउंटी!

१९७२ नंतर या राज्याने रिपब्लिकन सिनेटर निवडलेला नाही, म्हणजे खरा निकाल ४ जूनच्या प्रायमरीतच लागणार. पण गर्भपात, बंदुका, हवामान, औषधांच्या किमती यांवर पहिल्या दोघांची भाषणं अदलाबदल केली तरी कुणाला कळणार नाही. मग निवडायचं कशावरून? एडिसन, प्लेन्सबरो, जर्सी सिटी भागातले बरेच मराठी मतदार नव्याने नागरिक झालेले आहेत, त्यांना ही ‘लाइन’ काय भानगड आहे हेही जाणकारांनी सांगावं.

ट्रम्प-बायडन इथे नको. त्यासाठी पुरेसे धागे आहेत.

टोमणेमास्तर · १२ फेब्रुवारी
शेवटच्या ओळीचं काय होणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढची रांग धरून बसतो.

कलमकसाई · १२ फेब्रुवारी
आधी लाइन, कारण ती कळल्याशिवाय या लढतीतलं काहीच कळणार नाही.

देशात बाकी सगळीकडे मतपत्रिकेवर पदाचं नाव असतं आणि त्याखाली त्या पदाचे सगळे उमेदवार. न्यू जर्सीच्या २१ पैकी १९ काउंट्यांत प्रायमरीची मतपत्रिका अशी नसते. तिथे पदं एका बाजूला आणि उमेदवारांचे गट उभ्या किंवा आडव्या ओळीत. काउंटी पक्षाने पाठिंबा दिलेले सगळे, अध्यक्षपदापासून थेट टाउन कमिटीपर्यंत, एकाच ओळीत एकाखाली एक. मतदार वर बायडन शोधतो आणि बोट तसंच खाली घसरत जातं. सेलम आणि ससेक्स या दोनच काउंट्या याला अपवाद.

बाकीच्यांचं काय? अर्ज भरताना ‘आम्हाला एकत्र छापा’ अशी विनंती करता येते. वरच्या पदाच्या उमेदवारांची सोडत आधी निघते, त्यांच्याशी जोडलेले आपोआप त्यांच्यामागे जातात. जो कुणाशी जोडलेला नाही त्याला पहिली ओळ मिळण्याचा संभवच नाही. मग तो चौथ्या-पाचव्या रकान्यात, मध्ये दोन रिकामे रकाने सोडून, कोपऱ्यात. इथल्या राजकारणात त्या कोपऱ्याला सायबेरिया म्हणतात.

रट्गर्स विद्यापीठाच्या ज्युलिया सास रूबिन यांनी जुन्या प्रायमऱ्या तपासल्या, तर तोच उमेदवार लाइनवर असताना आणि नसताना सरासरी ३८ टक्के-बिंदूंचा फरक निघाला.

भाऊसाहेब_कोल्हापूरकर · १२ फेब्रुवारी
म्हणजे साखर कारखान्याचं पॅनेलच की! अख्खं पॅनेल निवडून आणा, आणि अपक्षाने उसाची नोंद होते का ते बघत बसायचं.

कलमकसाई · १२ फेब्रुवारी
भाऊसाहेब, कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेल उमेदवार बांधतात आणि प्रचारही त्यांचाच. मतपत्रिका सरकारी असते, प्रत्येकाला स्वतंत्र चिन्ह असतं. इथे पॅनेल सरकारी मतपत्रिकेवर, सरकारी खर्चाने छापून मिळतं. फरक मोठा आहे.

भाऊसाहेब_कोल्हापूरकर · १२ फेब्रुवारी
आमच्याकडच्यांना ही युक्ती कळवू नका.

सायली_मॉन्टक्लेअर · १३ फेब्रुवारी
सगळ्यांनी मर्फीबाईंना ‘गव्हर्नरची बायको’ म्हणून निकालात काढलंय, ते पटत नाही. माता आणि बालमृत्यू कमी करण्यासाठी त्यांनी ‘नर्चर एनजे’ चालवलं. शाळांच्या अभ्यासक्रमात हवामानबदल इयत्तावार आणण्यामागेही त्याच होत्या आणि असं करणारं न्यू जर्सी पहिलं राज्य. शिवाय या राज्याने आजवर एकही बाई सिनेटवर पाठवलेली नाही. किम तीन वेळा निवडून आले हे मान्य, पण काँग्रेसमध्ये नुसतं मत देणं म्हणजे काम करणं नव्हे.

पारसिप्पनीकर · १३ फेब्रुवारी
सायली, काम चांगलं आहे यावर वाद नाही. वाद आहे तो पाठिंबा कुठून आला यावर. हडसन, एसेक्स, मिडलसेक्स, कॅम्डन या मोठ्या काउंट्यांच्या अध्यक्षांनी मर्फींना पाठिंबा दिला. आता न्यू जर्सीच्या गव्हर्नरच्या हातात काय काय असतं ते बघा: न्यायाधीश आणि काउंटी प्रॉसिक्यूटर यांची नावं तोच पाठवतो, अर्थसंकल्पातली एखादी ओळ एकटा खोडू शकतो, प्राधिकरणांवरच्या नेमणुका त्याच्याच. देशातल्या सर्वात ताकदवान गव्हर्नरपदांपैकी हे एक. काउंटी अध्यक्षांपैकी कित्येकजण वकिली किंवा लॉबिइंग करतात आणि त्यांचं काम राज्य सरकारशी. ते गव्हर्नरच्या घरातल्या उमेदवाराला नाही म्हणतील?

मॉन्मथ, बर्लिंग्टन, हंटरडन इथे अधिवेशनात गुप्त मतदान होतं. किम कुठे जिंकतात आणि मर्फींना पाठिंबा कुठून जाहीर होतो, याची यादी समोरासमोर मांडली की वेगळं काही सांगावं लागत नाही.

सायली_मॉन्टक्लेअर · १३ फेब्रुवारी
आणि किम २०१८ पासून लाइनवरच निवडून येत आहेत, ते? आताही जिथे मिळेल तिथे घेतच आहेत.

पारसिप्पनीकर · १३ फेब्रुवारी
घेतातच. नाही घेतली तर सायबेरिया. नियम वाईट आहे म्हणून एकट्याने हात वर करून बसण्यात शहाणपण नाही. मात्र हा मुद्दा त्यांना विचारायलाच हवा, हे कबूल.

हिशेबनीस · १३ फेब्रुवारी
मूळ प्रश्नाकडे येतो. दोन उमेदवार बोलायला सारखे असतील तर बोलणं सोडून कागद बघायचे. कोणते, ते सांगतो.

पहिला, मतदानाची नोंद. ही फक्त किम यांचीच मिळेल. प्रतिनिधिगृहाच्या क्लार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक हजेरी-मतदान नावानिशी आहे. मात्र नुसतं अंतिम विधेयकावरचं मत पाहू नका, तिथे पक्ष बहुधा एकगठ्ठा असतो. दुरुस्त्यांवरची मतं आणि विधेयक समितीकडे परत पाठवण्याच्या प्रस्तावावरची मतं पाहा. माणूस पक्षापासून कुठे सुटतो ते तिथे कळतं. आपल्या लोकांच्या जिव्हाळ्याचं उदाहरण: ग्रीन कार्डाची देशनिहाय ७ टक्क्यांची मर्यादा उठवणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ असं पास झालं होतं. आपल्या भागातला कोण कुठल्या बाजूला होता ते दोन मिनिटांत काढता येतं.

दुसरा, संपत्तीचं विवरण. सिनेटच्या उमेदवाराने ते सिनेटच्या सचिवांकडे भरायचं असतं. त्यात आकडे पट्ट्यांमध्ये असतात, नेमके नसतात, त्यामुळे ‘अमक्याकडे इतके कोटी’ अशा बातम्यांवर फार जाऊ नका. शेअर कोणत्या कंपन्यांचे आहेत आणि जोडीदाराच्या नावावर काय आहे, एवढं वाचा.

तिसरा, देणग्या. फेडरल निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवाराच्या समितीचं नाव टाका, ‘वैयक्तिक देणग्या’ उघडा आणि देणगीदाराचा मालक-कंपनीचा रकाना वाचा. एकूण रक्कम सांगते त्यापेक्षा हा रकाना जास्त सांगतो. २०० डॉलरच्या आतले देणगीदार एक-एक दाखवले जात नाहीत, त्यांची एकत्र बेरीज असते. त्या बेरजेचं एकूण रकमेशी प्रमाण काढा. राज्याशी ज्यांचे कंत्राटी संबंध आहेत अशा कंपन्यांची नावं कोणाच्या यादीत जास्त दिसतात, तेही मोजा. किम कॉर्पोरेट पॅकचे (कंपन्यांच्या राजकीय देणगी-समित्यांचे) पैसे घेत नाहीत असं सांगतात. खरं-खोटं याच यादीत तपासता येतं.

एक खाच: प्रायमरीच्या आधीचा शेवटचा अहवाल १२ दिवस आधी येतो आणि त्यात २० दिवस आधीपर्यंतचाच हिशेब असतो. त्यानंतर १,००० डॉलर किंवा जास्त आले तर ४८ तासांत वेगळी सूचना द्यावी लागते. शेवटच्या दोन आठवड्यांतला पैसा बघायचा असेल तर त्या सूचना उघडायच्या, तिमाही अहवाल उघडून काही मिळणार नाही.

टोमणेमास्तर · १३ फेब्रुवारी
हिशेबनीस, तुमच्याकडे मुलगी बघायला जाणाऱ्यांची धडगत नसेल.

चावडी_प्लेन्सबरो · १४ फेब्रुवारी
देणगीवरून: एच-१बी व्हिसा असणाऱ्यांना देता येते का? मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर कुणीतरी दुवा फिरवतंय.

हिशेबनीस · १४ फेब्रुवारी
नाही. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनाच. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ यांनी एक डॉलरही द्यायचा नाही, राज्य आणि स्थानिक निवडणुकीतही नाही. आणि ‘माझ्याऐवजी तू दे, मी तुला देतो’ हे तर थेट गुन्ह्यात येतं. पैसे न घेता फोन करणं, पत्रकं वाटणं चालतं, मोहिमेचे निर्णय घेण्यात सहभाग नको. २०२३-२४ च्या निवडणुकांसाठी मर्यादा माणशी ३,३०० डॉलर, प्रायमरी आणि नोव्हेंबर यांना वेगवेगळी.

त्याहून महत्त्वाचं: नागरिक नसताना मतदार नोंदणीवर सही करू नका. ड्रायव्हिंग लायसन्सच्या वेळी समोर आलेल्या फॉर्मवर खूण करण्याआधी वाचा. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात तो प्रश्न स्पष्ट विचारतात आणि ‘चुकून झालं’ हे तिथे सहज चालत नाही.

चावडी_प्लेन्सबरो · १४ फेब्रुवारी
धन्यवाद. गटावर टाकते.

पारसिप्पनीकर · २७ फेब्रुवारी
काल किम यांनी फेडरल कोर्टात लाइनविरुद्ध दावा लावला. सोबत काँग्रेसच्या जागांसाठी उभ्या असलेल्या सारा शूनगुड आणि कॅरोलिन रश. सायली, तुमच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं तरी मिळालं.

सायली_मॉन्टक्लेअर · २७ फेब्रुवारी
लाइन हातात असलेल्या काउंट्या सोडल्या का त्यांनी?

पारसिप्पनीकर · २७ फेब्रुवारी
नाही. म्हणून अर्धं म्हटलं.

कलमकसाई · १८ मार्च
राज्याचे अॅटर्नी जनरल मॅट प्लॅटकिन यांनी काल कोर्टाला कळवलं की ही पद्धत घटनाबाह्य आहे आणि आपण तिचा बचाव करणार नाही. माणूस मर्फींनीच नेमलेला. गव्हर्नरांच्या घरी आज जेवणाच्या टेबलावर शांतता असेल.

किम यांच्या वकिलांनी मतपत्रिकांचे जे नमुने जोडलेत ते बघण्यासारखे आहेत. एकाच पदाचे उमेदवार तीन वेगळ्या रकान्यांत विखुरलेले. मतदाराला वाटतं हे वेगळं पद, म्हणून तो दोघांना खूण करतो आणि त्या पदाचं मत बाद. मशीन असं करू देत नाही, टपाली कागदावर अडवायला कुणी नसतं.

रारिटनकाठ · २४ मार्च
मर्फींची माघार! उद्या अर्ज भरायची शेवटची तारीख आणि आज रविवारी व्हिडिओ टाकून बाजूला झाल्या. आता धाग्याचं शीर्षक बदलू का?

टोमणेमास्तर · २४ मार्च
मर्फीचा नियम. जे बिघडू शकतं ते बिघडतंच.

सायली_मॉन्टक्लेअर · २४ मार्च
वाईट वाटलं, पण निर्णय योग्य. स्वपक्षीयांवर लाखो डॉलरच्या नकारात्मक जाहिराती सोडायच्या नाहीत असं त्या म्हणाल्या, ते तरी मनापासून असावं.

पारसिप्पनीकर · २५ मार्च
मनापासून असेलही. पाहण्यांत मागे होत्या आणि अधिवेशनांत कार्यकर्ते ऐकेनात, हेही आहे. लाइन असूनही हरण्याची शक्यता दिसली की काउंटी अध्यक्षांचा उत्साह मावळतो, कारण त्याच ओळीत त्यांचे स्वतःचे काउंटी कमिशनर छापलेले असतात. वरचं नाव जड झालं तर खालची बुडतात.

कलमकसाई · ३१ मार्च
शुक्रवारी, २९ तारखेला, न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी मनाई हुकूम दिला: ४ जूनच्या मतपत्रिकेवर लाइन नाही. पदानुसार ठोकळे आणि प्रत्येक पदासाठी स्वतंत्र सोडत. काल खुलासा आला की हे फक्त डेमोक्रॅटिक प्रायमरीला लागू, कारण दावा लावणारे डेमोक्रॅट होते. म्हणजे एकाच काउंटीत, एकाच दिवशी, एका पक्षाची मतपत्रिका नव्या पद्धतीची आणि दुसऱ्याची जुनी. अभ्यासकांना आयती प्रयोगशाळा मिळाली.

काउंटी क्लार्कांनी अपील केलंय. सॉफ्टवेअर बदलायला वेळ नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. सेलम आणि ससेक्सच्या क्लार्कना हे वर्षानुवर्षं कसं जमतंय, हा प्रश्न त्यांना विचारून झालाय.

चावडी_प्लेन्सबरो · ८ एप्रिल
आठवण: पक्ष बदलायचा असेल तर परवा, १० एप्रिल, शेवटचा दिवस (प्रायमरीच्या ५५ दिवस आधी). नव्या नोंदणीची मुदत १४ मे.

निमकर_जर्सीसिटी · ८ एप्रिल
माझ्या नोंदीत ‘अनअॅफिलिएटेड’ दिसतंय. मलाही परवापर्यंतच मुदत का?

हिशेबनीस · ८ एप्रिल
नाही. १० तारीख एका पक्षातून दुसऱ्यात जाणाऱ्यांना. कोणत्याच पक्षात नसलेल्याने ४ जूनला केंद्रावर जायचं, पक्ष सांगायचा, सही करायची, मत द्यायचं. केंद्र सकाळी ६ ते रात्री ८. मात्र तुम्ही पूर्वी कधी टपाली मतपत्रिका कायमची मागितली असेल तर सावध. एक तर पक्ष कळवल्याशिवाय प्रायमरीची टपाली मतपत्रिका येत नाही, त्याचं पत्र आधी येतं आणि लोक ते जाहिरात समजून टाकून देतात. दुसरं, टपाली यादीत नाव असताना केंद्रावर गेलात तर मशीन मिळत नाही, प्रोव्हिजनल (तात्पुरती, नंतर तपासून मोजायची) कागदी मतपत्रिका देतात. ती मोजतात, पण टपाली मत आलेलं नाही याची खात्री करून, सगळ्यात शेवटी.

भाऊसाहेब_कोल्हापूरकर · ९ एप्रिल
शाई लावत नाहीत, ओळखपत्र बघत नाहीत, नुसती सही. तरी हिशेब लागतो म्हणायचा.

हिशेबनीस · २२ एप्रिल
तिसऱ्या सर्किटनेही (फेडरल अपील कोर्टाने) १७ तारखेला मनाई हुकूम कायम केला, त्यामुळे तो विषय संपला. टपाली मतपत्रिका निघाल्या आहेत. दरवर्षी जिथे मतं बाद होतात त्या जागा सांगून ठेवतो.

आतल्या पाकिटाला एक प्रमाणपत्राची पट्टी जोडलेली असते. ती फाडायची नाही. तिच्यावर नाव-पत्ता दिसतो म्हणून गुप्तता जाईल या भीतीने लोक ती फाडतात आणि मत बाद होतं. काउंटीचे लोकच नंतर ती वेगळी करतात. क्रम असा: मतपत्रिका आतल्या पाकिटात, पाकीट चिकटवायचं, पट्टीवर सही, मग हे सगळं बाहेरच्या पाकिटात.

सही नोंदणीच्या वेळची आठवून करा. मराठीत सही करून नोंदणी केली आणि आता इंग्रजीत ठोकली तर जुळत नाही. न जुळल्यास काउंटीकडून पत्र येतं, त्याला मुदतीत उत्तर दिलं की मत वाचतं.

आईवडिलांचं पाकीट दुसऱ्या कुणाकडे टाकायला दिलंत तर त्या व्यक्तीने पाकिटावर स्वतःचं नाव-सही घालायची. एका माणसाला तीनच पाकिटं नेता येतात, एकाच घरातल्या जवळच्या कुटुंबीयांची असतील तर पाच. मंडळाच्या कार्यक्रमात पिशवी फिरवून मतपत्रिका गोळा करायचा उत्साह कुणी दाखवू नये.

टपालाने पाठवताना शिक्का ४ जूनच्या रात्री ८ पर्यंतचा हवा आणि पाकीट त्यानंतर सहा दिवसांत पोचायला हवं. ड्रॉप बॉक्स रात्री ८ ला बंद.

निमकर_जर्सीसिटी · १६ मे
आता किम जवळपास निवडून आल्यातच जमा. मग कॅम्पोस-मेडिना किंवा हॅम यांना मत म्हणजे वाया का?

पारसिप्पनीकर · १६ मे
इथे फेरमतदानाची भानगड नाही, ज्याला जास्त मतं तो जिंकला. किम यांची आघाडी पाहता तुमच्या एका मताने विजेता बदलणार नाही. कॅम्पोस-मेडिना कामगार चळवळीतून आलेल्या. हॅम अनेक वर्षं न्यूअर्कमध्ये पोलीस-अत्याचारांविरुद्ध रस्त्यावर आहेत, २०२० मध्ये सिनेटर बुकर यांच्यासमोरही उभे होते. गाझा किंवा सर्वांसाठी सरकारी आरोग्यविमा हे तुमचे मुख्य मुद्दे असतील तर तिथे पडलेली मतं किम यांच्या माणसांनी काउंटीनिहाय मोजलेली असतील. मी किमनाच देणार, पण वाया नक्कीच जात नाही.

भास्कर_हबोकेन · १७ मे
अवांतर: इकडे आठव्या जिल्ह्यात त्याहून चुरस आहे. रॉब मेनेंडेझ (सिनेटरांचे चिरंजीव) विरुद्ध आमचे महापौर रवी भल्ला. मूळ लाइनवाले कोण आणि बाहेरचे कोण हे सांगायला नको.

टोमणेमास्तर · १७ मे
घराणेशाहीवर मराठी माणसाने भाष्य करू नये, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.

रारिटनकाठ · ५ जून
काल रात्री आठनंतर फारसं थांबावंच लागलं नाही. किम सुमारे ७५ टक्के, कॅम्पोस-मेडिना दुसऱ्या, हॅम तिसरे.

कलमकसाई · ५ जून
लाइन गेली म्हणजे प्रस्थापित गेले असं मात्र नाही. हडसनमध्ये रॉब मेनेंडेझ यांनी भल्लांना हरवलं, तेही पदानुसार छापलेल्या मतपत्रिकेवर. नाव, पैसा, घरोघर जाणारे कार्यकर्ते हे सगळं कोर्टाच्या हुकुमाने पुसलं जात नाही.

रिपब्लिकनांकडे जुनी लाइन होती. ट्रम्प यांनी मे महिन्यात वाइल्डवुडच्या सभेत क्रिस्टीन सेरानो ग्लासनर यांना पाठिंबा दिला, तरी केप मेचे हॉटेलवाले कर्टिस बॅशॉ जिंकले.

सायली_मॉन्टक्लेअर · ५ जून
मत किमना दिलं. हिशेबनीसांच्या याद्या वाचूनच, पण वेगळ्या कारणाने. गेटवे बोगद्याचा (हडसन नदीखालच्या नव्या रेल्वे बोगद्याचा) पैसा वॉशिंग्टनमधून येतो, आणि प्रॉपर्टी टॅक्सच्या वजावटीवरची १०,००० डॉलरची मर्यादा २०१७ च्या कायद्यानुसार २०२५ च्या अखेरीस संपायची आहे, म्हणजे त्यावर पुढच्याच वर्षी घासाघीस होणार. तिथे पहिल्या दिवसापासून मतमोजणी कळणारा माणूस हवा. बाई सिनेटर हवीच होती, ती मागणी मी सोडलेली नाही.

निमकर_जर्सीसिटी · ६ जून
केंद्रावर सही केल्यापासून माझी नोंद ‘डेमोक्रॅटिक’ दाखवतेय. पुढच्या वर्षी गव्हर्नरची प्रायमरी आहे, तेव्हा दुसरीकडे मत द्यायचं झालं तर?

हिशेबनीस · ६ जून
पक्ष-घोषणेचा फॉर्म भरून काउंटीच्या मतदार-नोंदणी कमिशनरकडे द्या, त्यात पुन्हा ‘अनअॅफिलिएटेड’ होता येतं. ५५ दिवसांची अट तिथेही आहेच, त्यामुळे एप्रिलपर्यंत थांबू नका. नोव्हेंबरच्या मतदानाला या नोंदीचा काही संबंध नाही, तिथे सगळ्यांना एकच मतपत्रिका.